रक्तवाहू ड्रोन, रवांडातील
पूर्व आफ्रिकेतील रवांडा या डोंगराळ देशात ग्रामीण रुग्णालयांना रक्त पोहोचविणारी, वैमानिकाविना पूर्वनियोजित मार्गाने उडणारी विमाने. झिपलाइन या अमेरिकी कंपनीने शासनाशी करार करून ऑक्टोबर २०१६ मध्ये मुहांगा येथून ही सेवा सुरू केली. मागणी येताच विमान क्षेपकावरून सोडले जाते आणि ते रुग्णालयापाशी न उतरता रक्ताची पेटी छोट्या हवाईछत्रीने खाली टाकून परतते, त्यामुळे तेथे धावपट्टी लागत नाही. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात हा वेग जीव वाचवू शकतो. परंतु रक्त गोठण्यास मदत करणारे बिंबाणू काही दिवसच टिकत असल्याने, ते प्रत्येक रुग्णालयात न साठविता मध्यवर्ती केंद्रात राखता येणे, हे या योजनेचे तितकेच मोठे, पण दुर्लक्षित यश मानावे लागेल. २०१९ मध्ये घानातही लसी व औषधांसह अशी सेवा सुरू झाली.