हवेचं पिस्तूल आणि बाईचा हात

मागच्या महिन्यात गटाची बैठक उठली तरी एक ताई बसूनच राहिल्या. त्यांची लेक शहरात कॉलेजात शिकते. एनसीसीत गेली आणि नेमबाजीचा नाद लागला. क्लबातल्या ओळखीनं तिनं जुनं एअर पिस्तूल घेतलं. ताईंनी पिशवीतून लाटण्याच्या निम्म्याएवढी धातूची नळी काढली. म्हणाल्या, "यातली हवा संपलीय. आमच्या गॅरेजवाल्याकडं वेल्डिंगची टाकी आहे, तिच्यातून भरून घेऊ का?"

माझ्या अंगावर काटा आला. का, ते सांगतेच; पण त्याआधी या हवेची गोष्ट ऐका.

आपल्या संभाजीनगरची पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. डोंगरातलं पाणी नळांनी आणून, उंचावरून सोडून, त्याच्या जोरावर जातं फिरवलं. जे काम बाईच्या दंडावर होतं ते साठवलेल्या पाण्यानं केलं. हवेच्या बंदुकीचंही तेच आहे. दारू नाही, धूर नाही; आधी हवा कोंडायची आणि मग थोडी थोडी सोडायची. प्रश्न एवढाच, की कोंडायची कुणी?

१७८० च्या सुमाराला, म्हणजे आपल्याकडं महादजी शिंद्यांचा काळ, ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरार्दोनी नावाच्या कारागिराची हवेवर चालणारी बंदूक आली. तिचा दस्ता पोकळ, त्यातच हवा भरायची. एका भरणीत वीसेक गोळ्या सुटत, तेव्हाच्या मानानं नवलच. पण तो दस्ता भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत! शिवाय हवा गळायची, दुरुस्तीला कुशल माणूस लागायचा. १८१५ पर्यंत ती बंदूक मागं पडली.

पुढं हवेची हत्यारं लढाईतून खेळात आली. १९६५ साली जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कंपनीनं स्प्रिंगचं एक पिस्तूल काढलं, ते नेमबाजांत फार गाजलं. पण स्प्रिंग दर गोळीला दाबून बसवायची. त्यानंतरच्या पिस्तुलांत एकच दांडी ओढून हवा भरायची सोय झाली, तरी प्रत्येक गोळीला दांडी आहेच. साठ गोळ्या म्हणजे साठ वेळा, आणि ज्या हातानं नेम धरायचा तोच हात भरून यायचा. मग कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळ्या आल्या. पण तो वायू उन्हात फुगतो, थंडीत मंदावतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात त्याचा भरवसा काय धरायचा? १९९० नंतरच्या दशकात साध्या दाबलेल्या हवेच्या नळ्या रुळल्या. आता नळी एकदा भरली की दीडशे-दोनशे गोळ्या, आणि पहिली गोळी नि शंभरावी सारख्याच जोराची.

ऑलिम्पिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तूल १९८८ साली सोलला आलं, स्त्री-पुरुष दोघांसाठी. पण पुरुषांना साठ गोळ्या आणि बायकांना चाळीसच. शेतात दिवसभर वाकणाऱ्या बाईला हे ऐकून हसू येईल. २०१८ पासून दोघांना साठ झाल्या.

आपल्या मुली तोवर थांबल्या नव्हत्या. मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतूनच नेमबाजीत आल्या आणि २००० साली सिडनीला एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला रायफलमध्ये विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. आणि हरियाणाच्या मनू भाकरचं पिस्तूल २०२१ मध्ये टोकियोत ऐन स्पर्धेत बिघडलं, अंतिम फेरी थोडक्यात हुकली. २०२४ ला पॅरिसमध्ये त्याच एअर पिस्तुलाच्या प्रकारात तिनं कांस्य घेतलं.

आता ताईंची नळी. कुकरची शिट्टी साधारण एक बारच्या दाबावर वाजते. या नळीत २०० बार असतात. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारच्या पुढं जात नाही, आणि त्याच्या हवेत पाणी नि तेल. वेल्डिंगच्या टाकीत तर हवा नसतेच, ऑक्सिजन असतो. पिस्तुलाच्या आत थोडं तेल-ग्रीस असतं. दाबातला ऑक्सिजन त्याला लागला की ठिणगी नसतानाही पेट घेतो, आणि नळी हातात फुटते. दवाखान्यातल्या ऑक्सिजनचंही तेच. मोठ्या टाकीतून भरायची तर पाणबुडे श्वासाला वापरतात तसली कोरडी, गाळलेली हवा लागते. नाहीतर या कामासाठीच बनवलेला, ओल टिपणारा हातपंप. जिरार्दोनीचा दट्टा आठवा, पण हा बराच सुधारलेला. दमानं भरायची, घाईत नळी तापते. काट्याकडं नजर ठेवायची, २०० ला थांबायचं. आणि नळीवरची तारीख वाचायची. वापराची मुदत साधारण दहा वर्षं, त्यानंतर ती वापरायची नाही. जुन्या पिस्तुलात फसगत होते ती इथंच.

ताईंच्या नळीवरची तारीख उलटून गेली होती.

विकत घेताना लेकीचा हात सोबत न्या. मूठ तिच्या पंजात बसली पाहिजे. डावखुरीची वेगळी असते. पिस्तूल दीड किलोच्या आत, चाप निदान अर्धा किलो वजन पेलणारा, गोळी साडेचार मिलिमीटरची, हे स्पर्धेचे नियम. परवाना नि कागदपत्रांचं पोलीस ठाण्यात विचारून घ्या. नवशिकीला माझं मत विचाराल तर दर गोळीला दांडी ओढायचं पिस्तूल बरं. दंड भरून येईल, पण नळीचा घोर नाही.

घरी सराव ओसरीत नको, कुणी दारातून डोकावतं. मागं भक्कम भिंत, पुढं गोळी अडवणारी पेटी, आणि अधेमधे एकही दार नाही अशी जागा हवी. गोळ्या शिशाच्या असतात. हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, आणि लहान लेकरांपासून डबी उंच ठेवायची.

निशाणाचा मधला दहा गुणांचा गोल शर्टाच्या बटणाएवढा असतो. ताईंच्या लेकीनं तो कागदावर काढून दहा मीटरवरच्या भिंतीला चिकटवलाय. नवी नळी येईपर्यंत ती रोज रिकामं पिस्तूल धरून त्याच्यासमोर उभी राहते, आणि ताई चुलीपाशी बसून तिचा हात हलतो का ते बघतात.