रोमची यात्रा : टॅक्सी आणि भाड्याची मोटार

रोमला जाऊन संत पेत्राच्या कबरीचे दर्शन घ्यावे, ही अनेक ख्रिस्ती कुटुंबांची मनीषा असते. त्यासाठी वर्षानुवर्षे पैसा साठवला जातो आणि यात्रेत घरातील वडीलधारी मंडळीही असतात. मोठ्या गटाबरोबर जाणाऱ्यांची वाहनव्यवस्था आयोजक करतात. जे कुटुंब स्वतंत्रपणे जाते, त्याला मात्र विमानतळावर उतरताक्षणी वाहनाचा निर्णय स्वतः घ्यावा लागतो. अशा भाविकांसाठी ही माहिती आम्ही येथे देत आहोत.

बिद्रीहून कोल्हापूर वा गारगोटीकडे जाणाऱ्या वडापाचे भाडे माणशी असते. लग्नकार्यासाठी भाड्याची गाडी ठरवली, तर तिच्याबरोबर चालकही येतो. रोममध्ये या दोन्ही बाबतींत रीत वेगळी आहे. तेथे टॅक्सीचे भाडे गाडीचे असते, माणशी नसते. आणि भाड्याची मोटार म्हणजे आपण स्वतः चालवायची मोटार. हा फरक ध्यानात न घेतल्यास यात्रेकरूंना नाहक भुर्दंड पडतो.

अधिकृत टॅक्सी

रोमची अधिकृत टॅक्सी पांढऱ्या रंगाची असते. तिच्या छतावर टॅक्सीची पाटी, दारावर महापालिकेचे चिन्ह व परवाना क्रमांक आणि आत मीटर असतो. विमानतळाच्या आत येऊन सामानाला हात घालणाऱ्या व्यक्तीबरोबर जाऊ नये. बाहेरील थांब्यावर रांगेत उभे राहावे. शहरातही टॅक्सी थांब्यावरूनच घ्यावी किंवा निवासस्थानाच्या व्यवस्थापकाकरवी बोलावून घ्यावी. साध्या टॅक्सीत चार प्रवासी बसतात. कुटुंबात पाच-सहा जण असल्यास मोठी गाडी आधीच मागावी. दाटीवाटीने बसण्याची सोय तेथे नाही.

ठरीव भाडे आणि तटाची सीमा

फ्युमिचिनो येथील लिओनार्दो दा विंची विमानतळावरून ऑरेलियन तटाच्या आतील कोणत्याही ठिकाणी जाण्याचे भाडे महापालिकेने ठरवून दिलेले आहे. 2025 मध्ये ते 55 युरो होते, तर चाम्पिनो विमानतळावरून 40 युरो. चार प्रवासी व त्यांचे सामान यांसह संपूर्ण गाडीचे हे भाडे आहे. निघण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावा.

हा तट सम्राट ऑरेलियनने इसवी सन 271 च्या सुमारास बांधण्यास घेतला. लॅटरन येथील संत योहानाचे महामंदिर व संत मरिया मेजर महामंदिर तटाच्या आत आहेत. संत पौलाचे महामंदिर मात्र तटाबाहेर आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावात ‘तटाबाहेरील’ हा शब्द आला आहे. व्हॅटिकनही मूळ तटाबाहेरच आहे. त्यामुळे आपला मुक्काम व्हॅटिकनच्या परिसरात असल्यास ठरीव भाडे लागू होईल की मीटरप्रमाणे द्यावे लागेल, हे गाडीत बसण्यापूर्वी विचारावे. एरव्ही मीटर सुरू असल्याची खात्री करावी. रात्री व सुटीच्या दिवशी मीटरची सुरुवातच अधिक रकमेने होते. ती फसवणूक नव्हे. इटलीत 30 जून 2022 पासून कार्ड नाकारणाऱ्या व्यावसायिकास दंड होतो, म्हणून कार्डाने पैसे देऊन पावती मागण्यास संकोच करू नये.

चालकासह मोटार हवी असल्यास ती आधी आरक्षित करावी लागते. अशा गाडीला मीटर नसतो. म्हणून एकूण रक्कम, वेळ व मार्ग लेखी ठरवून घ्यावेत.

स्वतः मोटार चालवणार असाल तर

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना अथवा परवान्याचे अधिकृत इटालियन भाषांतर जवळ असणे आवश्यक आहे. बिद्री परिसरातील रहिवाशांना हा आंतरराष्ट्रीय परवाना कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. मोटार देणारी कंपनी अनामत रकमेसाठी बहुधा चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागते. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत.

इटलीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. पेट्रोलला तेथे ‘बेन्झिना’ म्हणतात. ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल. द्रुतगती मार्गावर टोलनाक्यावरील पिवळ्या ‘तेलेपास’ मार्गिका आपल्या फास्टॅगसारखे यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठीच असतात.

सर्वांत मोठा धोका आहे तो शहराच्या मध्यभागातील मर्यादित वाहतूक क्षेत्राचा. त्याच्या प्रवेशावर कॅमेरे असतात. फलकावर ‘वार्को आत्तिवो’ ही अक्षरे दिसल्यास कॅमेरे सुरू आहेत व परवानगीविना प्रवेश बंद आहे, असे समजावे. ‘आत्तिवो’ म्हणजे रस्ता खुला, असा समज करून घेणारे पाहुणे थोडे नाहीत. तेथे कोणी थांबवत नाही. मात्र गाडीच्या क्रमांकावरून कंपनीकडून आपले नाव मिळवले जाते आणि दंडाची सूचना घरी येते. परदेशी रहिवाशांना ती पाठवण्यास कायद्याने 360 दिवसांची मुदत आहे. शिवाय कंपनी आपले शुल्क कार्डावरून वेगळे कापते. सूचना मिळाल्यापासून पाच दिवसांत दंड भरल्यास सामान्यतः 30 टक्के सवलत मिळते.

आमची सूचना

रोम शहरात फिरण्यासाठी मोटार भाड्याने घेऊ नये. व्हॅटिकन, लॅटरन व संत पौलाचे महामंदिर या तिन्ही ठिकाणांजवळ भुयारी रेल्वेची स्थानके आहेत, तर संत मरिया मेजर तेर्मिनी स्थानकापासून पायी जाण्याइतके जवळ आहे. टॅक्सी विमानतळासाठी, रात्रीसाठी आणि ज्यांना चालणे झेपत नाही अशा वडीलधाऱ्यांसाठी राखून ठेवावी. असिसीलाही रेल्वेने जाता येते. लोरेतो किंवा सान जोव्हानी रोतोंदो अशा दूरच्या तीर्थस्थळांसाठी मोटार हवीच असेल, तर रोममधील मुक्काम आटोपल्यावर ती विमानतळावरून घ्यावी आणि तेथेच परत करावी.

अपघात वा अन्य संकट ओढवल्यास 112 हा क्रमांक फिरवावा. निवासस्थानाचा पत्ता इटालियन भाषेत कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावा. चुकामूक झाल्यास तो कागद टॅक्सीचालकाला दाखवला तरी पुरे.