मेंदूला हादरा बसल्यानंतर पुन्हा अभ्यासाकडे

जुन्नर तालुक्यातील आणे पठारावरच्या मुलामुलींना महाविद्यालयासाठी घाट उतरून बेल्हे, आळेफाटा, ओतूर गाठावे लागते. कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर दुचाकी घसरणे किंवा कबड्डीच्या मैदानावर डोके आपटणे, या दोन्हींतून मेंदूला हादरा बसू शकतो. वैद्यक त्याला 'कन्कशन' म्हणते. त्यासाठी शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. सीटी स्कॅनही बहुधा निर्दोष येतो. कारण बिघाड मेंदूच्या रचनेत नसून कार्यात असतो. त्यामुळेच 'काही झालेले नाही' असा समज होतो.

लक्षणे : डोकेदुखी, चक्कर, उजेड व आवाज सहन न होणे, विसरभोळेपणा, चिडचिड, झोपेच्या तक्रारी. वाचलेले ध्यानात राहत नाही, फळ्यावरून वहीत उतरवून घेताना थकवा येतो. हा आळस नव्हे, हे पालकांनी व प्राध्यापकांनी ध्यानात घ्यावे.

परतीच्या पायऱ्या : पूर्वी अंधाऱ्या खोलीत दीर्घ विश्रांती सांगितली जाई. ॲमस्टरडॅम येथील २०२२च्या परिषदेनंतर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मतैक्यानुसार पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती पुरेशी असते. या काळात मोबाइल व संगणकाचा वापर कमी ठेवावा. हलके चालणे चालते. त्यानंतर ५ ते १५ मिनिटांपासून हळूहळू वाढवत घरचा अभ्यास, मग अर्धा दिवस महाविद्यालय, शेवटी पूर्ण वेळ. त्रास बराच वाढला, तर एक पायरी मागे यावे. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात.

महाविद्यालयाने काय करावे? : तासांमध्ये विश्रांती, टिपणांच्या प्रती आणि प्रात्यक्षिकांना मुदतवाढ द्यावी. विद्यार्थ्याने वैद्यकीय प्रमाणपत्र वेळेत सादर करावे, म्हणजे हजेरी व परीक्षेचा प्रश्न चर्चेने सोडवता येतो.

मैदानावर घाई नको : पूर्ण वेळ अभ्यास जमू लागल्यावर आणि डॉक्टरांच्या परवानगीनेच सामन्यात उतरावे. पहिली इजा भरून येण्याआधी बसलेला दुसरा मार अधिक घातक ठरू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराच्या टी-२० सामन्यात चेंडू हेल्मेटवर आदळल्यानंतर रवींद्र जडेजाच्या जागी युजवेंद्र चहल खेळला, तो याच दक्षतेपोटी.

तातडीची चिन्हे : वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, बोलण्यात अडखळणे, हातापायांत अशक्तपणा, न उठवता येणारी झोप. यांपैकी काहीही आढळल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दुचाकीवर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावे. कायद्यानेही ते बंधनकारक आहे.