पाणी नसलेले इंजिन



माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, सैन्यात ड्रायव्हर होते. सत्तरच्या दशकात दोन हिवाळे त्यांनी लडाखमध्ये शक्तिमान ट्रक चालवला. (टीव्हीवरचा शक्तिमान नव्हे! जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूरला बनू लागलेला ट्रक.) ते सुट्टीवर आले की आम्ही लढाईच्या गोष्टी मागायचो आणि ते रेडिएटरच्या सांगायचे.

मुक्कामाला पोचले की जेवणाआधी इंजिनातले सगळे पाणी सोडून द्यायचे. सकाळी स्टोव्हवर बर्फ वितळवून पुन्हा भरायचे. एकदा दमल्यामुळे ते राहून गेले. पाणी गोठले की फुगते, हे मी वर्गात फळ्यावर कितीदा लिहिले असेल. दाजींनी पहाटे ते इंजिनाच्या ब्लॉकला गेलेल्या चिरेत पाहिले. गाडीत पुढच्या चौकीचे रॉकेल होते. ते दोन दिवस उशिरा पोचले. शिक्षा झाली, पण त्याचे त्यांना काही नव्हते. "मास्तर, ते दोन दिवस वर पोरं कशी राहिली असतील?" एवढेच म्हणायचे.

तेव्हापासून या विषयाचा नाद लागला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटावे. लोखंड गारठलेले असले की ती उष्णता भिंतीच पिऊन टाकतात. चालू झाले तरी संपले नाही. पाण्याने थंड होणारे इंजिन साधारण ८०-९० अंश सेल्सिअसला खूश असते. त्याहून गार चालवले तर अर्धवट जळलेले डिझेल सिलिंडरवरचे तेल धुऊन नेते, आणि डिझेलमधल्या गंधकाचे आम्ल धातू खाते. तापलेले इंजिन रस्त्यात आरडाओरडा करून बंद पडते, गार चालणारे बिचारे मुकाट्याने झिजते. आमच्याकडे लोक फक्त पहिल्यालाच भितात.

लेहमध्ये आणखी एक गंमत. साडेतीन हजार मीटर उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून तिथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही, आणि म्हणूनच रेडिएटरचे झाकणही कुकरसारखे दाब धरणारे लागते.

आता थोडे लांब जाऊ. १९४१ च्या डिसेंबरात जर्मन सैन्य मॉस्कोच्या दारात उभे होते. पारा शून्याखाली ३० च्याही खाली. गाड्यांचे तेल डांबरासारखे घट्ट झाले होते. गोठणविरोधी द्रव पुरेसा नव्हता. इंजिने रात्रभर चालू ठेवावी तर इंधन संपते, बंद करावीत तर सकाळी सुरू होत नाहीत. शेवटी तेलाच्या टाकीखाली शेकोट्या पेटवायच्या! रशियनांनी मागे हटवले हे तर खरेच, पण आधीच अर्ध्या गाड्या अशा मरगळल्या असतील तर कोणता सेनापती काय करणार?

पाणीच नसेल तर गोठणार काय, हा विचार मात्र त्याआधीच झाला होता. १९४० मध्ये जर्मन सैन्याने एका चिलखती गाडीसाठी हवेने थंड होणारे डिझेल इंजिन मागितले, तेही उष्ण प्रदेश डोळ्यापुढे ठेवून. काम गेले व्यापलेल्या चेकोस्लोव्हाकियातल्या टाट्रा कारखान्याकडे. तिथे हान्स लेडविंका हे मुख्य अभियंते होते. १९४२ पासून तिथेच टाट्रा १११ हा ट्रक बनू लागला. बारा सिलिंडर, जवळपास १५ लिटरचे इंजिन आणि थंड करायला फक्त वारा. जुन्या राजदूत मोटारसायकलच्या इंजिनावर पाकळ्या असायच्या ना, तशा प्रत्येक सिलिंडरवर. पाणी तापवत बसायचे नसल्यामुळे इंजिन लवकर ऊब धरते. रेडिएटर नाही, म्हणजे गोळी लागून तो गळायचाही नाही. अर्थात जादू नव्हे. तेल घट्ट होणे, डिझेलचे मेण होणे याही इंजिनाला चुकत नाही, आणि आवाज तर विचारू नका.

युद्ध संपल्यावर लेडविंकांना जर्मनांना साथ दिल्याबद्दल तुरुंगात टाकले. १९५१ ला सुटले ते देश सोडून गेले. ट्रक मात्र १९६२ पर्यंत बनत राहिला, ३३ हजारांहून अधिक. त्यातले पुष्कळ गेले कुठे? सायबेरियात! ज्यांच्यावर चालून जाण्यासाठी तो घडवला, त्यांचीच खनिजे आणि लाकडे त्याने वर्षानुवर्षे वाहिली. मगदान भागात त्याचे स्मारकही आहे. ट्रकचे स्मारक झाले, माणसाला तुरुंग. असो.

आपल्याकडे १९८६ मध्ये बेंगळुरूच्या बीईएमएलने टाट्राशी करार केला. संचलनात पिनाक रॉकेटची आठचाकी गाडी दिसते ना, ती त्याच घराण्यातली. दाजी थकले होते तेव्हाची गोष्ट. २६ जानेवारीला ती गाडी टीव्हीवर आली. मी माझी विद्या पाजळली, "दाजी, हिच्या इंजिनात पाणीच नसतं."

बराच वेळ ते बघत राहिले.

"मग रात्री ड्रायव्हर करतो काय?"

"झोपत असेल की!"

"हं," म्हणाले, आणि ताईला चहा टाकायला सांगितले.