अक्षरं तीच, खुणा वेगळ्या

१९८२ साल. तुम्ही बॉल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्सच्या एका प्रयोगशाळेत उभे आहात. समोर दोन नळ्या. एकीत मोठ्या आतड्यातल्या गाठीचा डीएनए, दुसरीत त्याच रुग्णाच्या निरोगी अस्तराचा. अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांना दोन्हींतली अक्षरं नव्हे, तर त्यांवरच्या खुणा ताडून पाहायच्या आहेत. खूण म्हणजे सी या अक्षरावर बसलेला मिथाइलचा इवलासा गट.

हातमोजे चढवा. जिवाणूंपासून मिळवलेली दोन एन्झाइम्स बर्फात ठेवली आहेत. दोन्ही डीएनएला सीसीजीजी या चार अक्षरांपाशी कापतात. पण आतल्या सीवर मिथाइल असेल तर एचपीए-टू अडतं; एमएसपी-वन तरीही कापतं. तुकडे जेलमधून सरकतात, आखूड ते पुढे, लांब ते मागे. मग जेलवर नायट्रोसेल्युलोजचा कागद, त्यावर टिपकागदांची चळत, वर वजन. कागदावर उतरलेल्या तुकड्यांना किरणोत्सारी फॉस्फरस लावलेला जनुकाचा अंश चिकटवायचा, वर क्ष-किरणांची फिल्म ठेवायची आणि सगळं डीप फ्रीजरमध्ये. आता थांबायचं. इथे घाई करून काहीच साधत नाही.

फिल्म धुतली की नीट बघा. निरोगी अस्तराच्या रकान्यात काळा पट्टा वरच अडलाय. गाठीच्या रकान्यात तो खाली उतरलाय: तुकडे आखूड झालेत, कारण एचपीए-टूला अडवणारे मिथाइल गट तिथून गळालेत. १९८३च्या जानेवारीत हे ‘नेचर’मध्ये छापून येईल. आणखी दोन वर्षांनी कळेल, की कर्करोग न झालेल्या साध्या पॉलिपमध्येही खुणा अशाच गळालेल्या असतात. मला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण बिघाड किती लवकर सुरू होतो ते तिच्यामुळे कळलं.

मिथाइल आपोआप बसत नाही. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, पेशी अखंड विभागत असतात, आणि दर विभाजनाला जुन्या साखळीवरच्या खुणा नव्या साखळीवर उतरवण्याचं काम डीएनएमटी-१ हे एन्झाइम करतं.

आता १९९५. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमध्ये या. पीटर लेर्ड आणि रुडॉल्फ येनिश यांचे उंदीर एपीसी जनुकाची एक प्रत बिघडलेलीच घेऊन जन्मले आहेत. त्यामुळे त्यांच्या आतड्यात सरासरी ११३ पॉलिप आढळतात. ज्यांच्यात डीएनएमटी-१ची एक प्रत काढून टाकली आणि वर त्या एन्झाइमला रोखणारं औषधही दिलं, त्यांच्यात सरासरी फक्त २.

तुम्ही बुचकळ्यात पडता. गाठीत खुणा गळालेल्या असतात, मग खुणा लावणारं एन्झाइम रोखल्यावर पॉलिप वाढायला हवेत ना? उत्तर एका पेशीच्या आतच आहे. खुणा गळतात त्या जीनोमभर. पण त्याच वेळी काही मोजक्या जनुकांच्या सुरुवातीच्या पट्ट्यावर नको तितक्या बसतात. एमएलएच-१ घ्या. डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करणाऱ्यांपैकी हे एक जनुक. त्याच्या सुरुवातीला मिथाइल चढतं, जनुक गप्प होतं आणि चुका साचत जातात. जनुकाचं स्वतःचं एक अक्षरही बदललेलं नसतं. वारशाने न आलेल्या, अशा चुकांनी भरलेल्या आतड्याच्या बहुतेक गाठींमागे हेच कारण असतं.

२००५मध्ये येनिश यांच्याच गटाचे उंदीर पुन्हा पाहा. डीएनएमटी-१ बरंच कमी केल्यावर डोळ्यांना दिसणाऱ्या मोठ्या गाठी घटल्या, पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या सुरुवातीच्या गाठी वाढल्या. म्हणजे खुणा गळणं रोगाच्या प्रारंभाला हातभार लावतं आणि नको तिथे खुणा चढणं पुढच्या वाढीला. म्हणूनच ‘हे एन्झाइम बंद करा, कर्करोग जाईल’ असं कुणी म्हणालं, तर मी तरी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

आणि २०१४. अमेरिकेतल्या एखाद्या घरी तुमच्या हातात शौचाचा नमुना पाठवायचा डबा आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग हुडकणाऱ्या या चाचणीला अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी याच वर्षी मिळाली. प्रयोगशाळा त्यात केआरएएस जनुकातले बदल आणि रक्ताचा अंश शोधते, शिवाय एनडीआरजी-४ आणि बीएमपी-३ या दोन जनुकांवर चढलेलं मिथाइलही. निकाल पॉझिटिव्ह आला तर लगेच कोलोनोस्कोपी करून घ्या. गाठ आहे की नाही, हे ठरतं तिथेच.