जोड-बचत : मनातली आणि खात्यातली

बचतदाराने बाजूला टाकलेल्या रकमेत मालकाने, सरकारने किंवा एखाद्या संस्थेने ठरावीक प्रमाणात भर घालावी, या व्यवस्थेस जोड-बचत म्हणता येईल. आपला भविष्यनिर्वाह निधी हे तिचे परिचित रूप. मात्र तेथे कपात बव्हंशी सक्तीची असल्याने नोकरदाराच्या इच्छेची परीक्षा होत नाही. ती होते अमेरिकेतील '४०१ (के)' या निवृत्ती खात्यात, कारण तेथून बाहेर राहण्याची मुभा असते.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दर १०० कर्मचाऱ्यांमागे ६८ जणांना आपली बचत अपुरी वाटत होती. त्यांतील २४ जणांनी ती लवकरच वाढविण्याचे ठरविले होते. प्रत्यक्षात वाढविली तिघांनी! अनुकूल मत आणि कृती यांत एवढे अंतर असते.

ब्रिजिट मॅड्रियन व डेनिस शे यांनी २००१ मध्ये एका कंपनीची आकडेवारी मांडली. वेतनाच्या ६ टक्क्यांपर्यंतच्या बचतीवर, वर्षभराच्या नोकरीनंतर, मालक निम्मी भर घालीत असे. अर्ज भरून सहभागी व्हायचे होते तेव्हा नव्यांपैकी ४९ टक्केच आले. नाव आपोआप नोंदले जाऊ लागताच हे प्रमाण ८६ टक्क्यांवर गेले. पण आपोआप होणारी कपात ३ टक्के होती आणि बहुसंख्यांनी तोच दर कायम ठेवला. पूर्वी स्वतःहून येणाऱ्यांची पसंती मुख्यतः ६ टक्क्यांना, म्हणजे भरीच्या कमाल मर्यादेला असे. योजनेने आखलेली रेघ लोक सल्ला म्हणून वाचतात, असे दिसते.

अल्प उत्पन्न गटाचा अनुभव फार निराळा नाही. १९९७ पासून अमेरिकेत १४ ठिकाणी सुमारे २,४०० जणांवर झालेल्या प्रयोगात बहुधा डॉलरमागे दोन डॉलर मिळत. निव्वळ बचत महिन्याला सरासरी १९ डॉलर झाली. भरीचा दर वाढविल्याने लोक टिकले, रक्कम वाढली नाही; भरपात्र रकमेची मर्यादा जिथे मोठी, तिथे बचतही मोठी होती. पैसे सहज काढता येत नाहीत, ही अट अनेकांना जाचक नव्हे, सोयीची वाटली.

या दृष्टीने आपली २०१० ची 'स्वावलंबन' योजना पाहण्याजोगी आहे. असंघटित कामगाराने वर्षाला १,००० ते १२,००० रुपये भरावेत, केंद्र १,००० रुपये घालील, अशी तिची रचना होती. म्हणजे हजार भरणाऱ्यास आणि बारा हजार भरणाऱ्यास भर सारखीच! २०१५ मध्ये तिच्या जागी आलेल्या अटल पेन्शन योजनेत हप्ता बँक खात्यातून परस्पर वळता होतो.