हा फोटो कोणाचा?

चार वर्षांपूर्वी आमच्या हातून एक अपराध घडला. शब्द मोठा आहे खरा. पण तीच गोष्ट जाणूनबुजून केली असती तर कायद्यानेही तिला हेच नाव दिले असते. आमच्या गावच्या नदीघाटांचा इतिहास सांगणारी एक लहानशी पुस्तिका आम्ही लिहिली होती. तीत महापुराच्या दिवशीचे घाटाचे एक छायाचित्र घातले. पायऱ्या पाण्याखाली, दीपमाळेचे टोक आणि देवळाचा कळस तेवढा वर, आणि ढगांच्या फटीतून उतरलेली उन्हाची एक तिरीप. हे छायाचित्र आम्हांला चारपाच स्नेह्यांकडून मोबाइलवर आले होते. ते साऱ्या गावाजवळ होते, तेव्हा ते साऱ्या गावाचे आहे असे समजून आम्ही खाली छापले : 'छायाचित्र सौजन्य – आंतरजाल'. प्रकाशनसमारंभ थाटाने झाला. आठवड्याने एक पंचविशीतला तरुण घरी आला आणि पुस्तिकेचे ते पान उघडून म्हणाला, "सर, हा फोटो माझा आहे." आम्ही चष्मा पुसून पाहिले आणि विचारले, "यात तुम्ही कुठे दिसता?"

प्रश्न हास्यास्पद होता, पण तो एकट्या आमचा नव्हता. 'हा फोटो कोणाचा?' असे मराठीत विचारले तर उत्तर येते, आजोबांचा, लोकमान्यांचा, थोरल्या ताईच्या लग्नातला. हाच प्रश्न तैलचित्राविषयी विचारा, म्हणजे रविवर्म्याचे किंवा हळदणकरांचे नाव ऐकू येईल. चित्र काढणाऱ्याचे असते आणि फोटो ज्याचा काढला त्याचा असतो, असा निवाडा आपल्या भाषेने केव्हाच देऊन टाकला आहे. त्या निवाड्याविरुद्ध छायाचित्रकार गेली दीडशेहून अधिक वर्षे दाद मागत आहेत. तो इतिहास आम्ही त्या तरुणाच्या भेटीनंतर वाचला. आधी वाचावयास हवा होता, हे कबूल आहे.

१८३९ साली दागेरची रीत पॅरिसमध्ये जाहीर झाली, त्या काळी लोकांना वाटे की हे चित्र सूर्य काढतो. माणूस फक्त पेटीचे झाकण उघडतो आणि मिटतो. मग सूर्याच्या कृतीवर माणसाचा हक्क कसला? १८६२ साली पॅरिसमध्येच मायेर आणि पिएरसों या छायाचित्रकारांनी आपली छायाचित्रे दुसऱ्यांनी उतरवून विकली म्हणून फिर्याद केली. त्यांतले एक इटलीचे मुत्सद्दी काव्हूर यांचे होते. अँग्रसारख्या नामांकित चित्रकारांनी पत्रक काढून सांगितले की, छायाचित्रण ही कला नव्हेच. वरच्या न्यायालयाने मात्र छायाचित्रकारांच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने चित्रांच्या जोडीने छायाचित्रांनाही स्वामित्वहक्क देणारा कायदा केला.

परंतु या वादाचे मर्म ज्यात उघडे पडले तो खटला अमेरिकेतला. १८८२ च्या जानेवारीत ऑस्कर वाइल्ड व्याख्यानांच्या दौऱ्यासाठी न्यूयॉर्कला उतरला आणि नेपोलियन सारोनी या छायाचित्रकाराच्या स्टुडिओत त्याने आपली छायाचित्रे काढवून घेतली. त्यांतले १८ व्या क्रमांकाचे बरो-जाइल्स या शिळाछाप कंपनीने उचलले आणि त्याच्या ८५,००० प्रती छापल्या. सारोनी कोर्टात गेला. कंपनीचा मुख्य युक्तिवाद तोच जुना : यंत्राने समोरची वस्तू जशीच्या तशी टिपली, यात कर्ता कोण? सारोनीचे उत्तर असे की, वाइल्डला बसवले मी, पोशाख आणि पडदे मांडले मी, उजेड आणि सावली योजली मी, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा तो भाव जागा केला तोही मीच. १८८४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सारोनीला या छायाचित्राचा कर्ता ठरवले. नुकसानभरपाईची रक्कम होती ६१० डॉलर.

या खटल्यात आणखी एक मुद्दा होता. कंपनीचे म्हणणे असे की, छायाचित्रावर 'एन. सारोनी' एवढेच छापले आहे. पूर्ण नाव नाही, तेव्हा हक्काची सूचना कायद्याप्रमाणे दिलेली नाही. न्यायालयाने हेही फेटाळले. वकिली खोच म्हणून आपण हसू, पण कंपनीने नेम अचूक धरला होता. हक्क पुसायचा तर आधी नाव पुसावे लागते. जाता जाता एक गंमत सांगावीशी वाटते. सारोनी स्वतः कॅमेरा क्वचितच हाताळी. ते काम त्याचा सहायक करी. म्हणजे ज्याच्या नावासाठी एवढे रामायण झाले त्याच्या मागेही एक निनावी माणूस उभा होताच.

आपल्याकडे हा निनावी माणूस कायद्यानेच निर्माण केला होता. १९१४ च्या आपल्या कायद्याने इंग्रजांचा १९११ चा कायदा इकडे लागू केला. त्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे निगेटिव्ह तयार होताना तिचा जो मालक असेल तो. काच ज्याची त्याचे कर्तृत्व! स्टुडिओच्या मालकाने पगारी माणसाला मुंबईहून पुण्याला पाठवावे, त्याने उन्हातान्हात तिवई खांद्यावर वाहून चित्र घ्यावे, आणि कायद्याने म्हणावे की, कर्ता गादीवर बसला आहे. १९५७ च्या कायद्याने ही विपरीत गोष्ट दुरुस्त केली आणि छायाचित्र घेणारी व्यक्ती हीच कर्ता असे स्पष्ट लिहिले. मात्र पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राची मालकी, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याकडे ठेवली. इथे कायदा आणि मराठी भाषा यांचे जमते : लग्नातला फोटो लग्नघरचा. पण मालकी गेली म्हणून कर्तृत्व जात नाही. हक्क विकल्यानंतरही 'ही कृती माझी' असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो, असे याच कायद्याचे ५७ वे कलम सांगते. मालकी आणि नाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आमच्या मते दुसरी अधिक मोलाची आहे.

नाव जाणे म्हणजे काय, हे होमाई व्यारावाला यांच्या चरित्रात दिसते. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाईंनी मुंबईत टिपलेली सुरुवातीची छायाचित्रे छापून आली ती त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने. बाई अनोळखी, त्यात स्त्री. तिच्या नावाने चित्र कोण घेणार? पुढे त्यांनी 'डालडा १३' हे टोपणनाव घेतले. भारताची पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, तेव्हा त्यांचे वय ९७ होते. नाव उशिरा का होईना परत आले, याचे कारण चित्रे, निगेटिव्ह आणि स्मरणशक्ती त्यांच्याजवळ शाबूत होती. ज्यांच्याजवळ यांपैकी काही उरले नाही त्यांचे काय?

आता आजच्या युगाकडे येऊ. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भूकंप झाला. तिथलाच छायाचित्रकार डॅनियल मोरेल याने त्या दिवशी ढिगाऱ्यांतून फिरून छायाचित्रे घेतली आणि संध्याकाळी ट्विटरवरून जगापुढे ठेवली. थोड्याच वेळात शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकातील एका गृहस्थाने ती उतरवून आपली म्हणून मांडली. एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेने ती त्या गृहस्थाच्याच नावाने घेतली आणि गेटी या संस्थेमार्फत ती जगभर गेली. चूक कळल्यावर मागे घेण्याची सूचना निघाली. तेव्हा मोरेलच्या नावाखाली असलेली चित्रे काढली गेली, आणि खोट्या नावाखालची तशीच विक्रीला राहिली! शोध नावानेच घेतला जातो. नाव चुकीचे, म्हणून शोधही चुकला. वृत्तसंस्थेने उलट मोरेललाच कोर्टात खेचले आणि म्हटले की, ट्विटरवर टाकले म्हणजे वापरायला मोकळीक दिली. २०१३ साली न्यायालयाने हे म्हणणे नाकारले आणि ज्यूरीने मोरेलला १२ लाख डॉलर देवविले. चव्हाट्यावर ठेवलेली वस्तू बेवारस होत नाही, एवढे या निकालाने ठरले.

सारोनीच्या काळी नाव पुसायला छापखाना लागे. आता बोट पुरते. डिजिटल छायाचित्राच्या फाईलमध्ये कर्त्याचे नाव, तारीख, हक्काची सूचना हे सारे अदृश्य रीतीने लिहून ठेवण्याची सोय आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की ते गळून पडते. पडद्याचेच चित्र टिपले तर मुळीच येत नाही. उरते कोपऱ्यात छापलेले नाव, आणि ते कातरून काढणारे महाभाग गावोगाव आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याने अशी हक्कविषयक माहिती, तीत कर्त्याचे नावही आले, अनधिकाराने जाणूनबुजून काढून टाकणे हा गुन्हा ठरवला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच दुरुस्तीने छायाचित्र मुदतीच्या बाबतीत चित्राच्या पंक्तीला बसवले. पूर्वी हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षे चाले. आता कर्त्याचे आयुष्य आणि पुढे साठ वर्षे. संकेतस्थळाला लेखी तक्रार दिली तर, न्यायालयाचा हुकूम येईपर्यंत, एकवीस दिवस ते चित्र अडवून ठेवण्याची तरतूदही आहे. यासाठी आधी नोंदणी केलेली असावी लागत नाही. हे सारे खरे. पण तक्रार करायला आपले चित्र कुठे छापले गेले हे आधी कळावे लागते, आणि ते बहुधा योगायोगानेच कळते.

त्या तरुणालाही ते योगायोगानेच कळले होते. प्रकाशनाला त्याची आई आली होती. तिने पान ओळखले. त्याने लॅपटॉपवर मूळ छायाचित्र दाखवले. आमच्या प्रतीत नसलेला डावीकडचा पिंपळ त्यात होता, आणि कोपऱ्यातले बारीक नावही. ते नाव काढण्यासाठीच कोणीतरी पिंपळ कापला होता. आम्ही मानधनाची गोष्ट काढली. तो म्हणाला, "पैसे द्या, नाही म्हणणार नाही. पण सर, त्या दिवशी मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. कॅमेऱ्याचा हप्ता अजून चालू आहे. उद्या कोणाला काम मागायला गेलो आणि हाच फोटो दाखवला, तर तो म्हणेल, हा तर आंतरजालाचा आहे."

पुस्तिकेच्या पाचशे प्रतींपैकी एकशे चाळीस आमच्याकडे उरल्या होत्या. त्या प्रत्येक प्रतीत, त्या पानावर, त्याच्या नावाची छापील चिठ्ठी आम्ही दोघांनी बसून चिकटवली. बाकीच्या तीनशे साठ शाळांत, वाचनालयांत आणि लोकांच्या कपाटांत आहेत. कोणाजवळ असेल त्याने ती घेऊन यावे. चिठ्ठ्या आमच्याजवळ शिल्लक आहेत.